सोळाव्या वर्षीचे ६८ सामने

एका पालकाने मला लिहून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा सोळा वर्षांचा, ओन्टारियो हॉकी लीगमधला म्हणजे ओएचएलमधला (कॅनडातली ज्युनियर आइस हॉकीची लीग) पहिलाच सीझन. घरापासून चार तासांवर एका बिलेट कुटुंबाकडे, म्हणजे खेळाडूला सीझनभर घरी ठेवून घेणाऱ्या कुटुंबाकडे राहतो. ऑक्टोबरात दुसऱ्या-तिसऱ्या लाइनवर (लाइन म्हणजे एकत्र बर्फावर उतरणारी आक्रमकांची तुकडी, पहिली सगळ्यात भारी) खेळत होता, नोव्हेंबर संपता संपता चौथ्या लाइनवर आला आणि आता दर तीन सामन्यांतला एक सूट-टाय घालून वरून बघतो. संघही लागोपाठ हरतोय. कोचशी बोलावं का, दुसऱ्या संघाचं बघावं का, की त्याला पाठवण्यातच घाई झाली?

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. कोचला फोन करू नका. संघ बदलायचा विषय सीझन संपेपर्यंत काढू नका. आणि पोरगा कमी पडतोय हे त्याच्या देखत तर नाहीच, घरात आपसातही बोलू नका. तुम्ही जे लिहिलंय त्यातलं बरंचसं कॅलेंडरमुळे घडतंय. उरलेलं त्याच्या शरीरामुळे, आणि माझा धंदाच शरीराचा. मी ॲथलेटिक थेरपिस्ट आहे. ज्युनियर संघांच्या बेंचमागे टेप, कात्री आणि बर्फाच्या पिशव्या घेऊन १४ सीझन उभा राहिलो. पॉवर-प्ले कसा लावावा हे मला विचारू नका. पण फेब्रुवारीत कोणता पोरगा उभा असेल आणि कोणता माझ्या टेबलावर आडवा असेल, याचा अंदाज मला नोव्हेंबरात येतो.

सप्टेंबरच्या उत्तरार्धात सीझन सुरू होतो आणि मार्चच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत प्रत्येक संघ ६८ सामने खेळतो. सरासरी आठवड्याला अडीच पडते, पण ही सरासरी फसवी आहे. पोरं शाळेत जातात, म्हणून बहुतेक सामने गुरुवार ते रविवार एवढ्यातच कोंबलेले असतात. शुक्रवारी रात्री एका गावात, शनिवारी रात्री दुसऱ्या, रविवारी दुपारी दोनला तिसऱ्या. याला आम्ही 'थ्री इन थ्री' म्हणतो. माझ्या वहीत मांडीच्या आतल्या स्नायूंच्या दुखापती सगळ्यात जास्त कधी नोंदल्यात म्हणाल, तर अशा रविवारी, दुसऱ्या पिरियडमध्ये, म्हणजे सामन्याच्या तीन भागांपैकी मधल्यात. पहिला पिरियड पोरं जोशावर काढतात, तिसऱ्यात हातचं राखून खेळतात. मधल्या पिरियडमध्ये जोश ओसरलेला असतो आणि अक्कल यायची असते. त्यातून मधल्या पिरियडला संघांच्या बाजू बदललेल्या असतात, म्हणजे बदली खेळाडूसाठी आपलं बेंच लांब पडतं. चाळीस-पंचेचाळीस सेकंदांची शिफ्ट, म्हणजे बर्फावरची एक खेप, सव्वा मिनिटाची होते आणि स्नायू तिथे दगा देतो.

त्यात बसचा प्रवास. ओएचएलचे २० संघ आहेत: १७ ओन्टारियोत, दोन मिशिगनमध्ये (फ्लिंट आणि सॅगिनॉ) आणि एक पेनसिल्व्हेनियात, एरीला. सू सेंट मरीच्या संघाचा लीगमधला सगळ्यात जवळचा शेजारी सडबरी, तोही सुमारे ३०० किलोमीटरवर. तिथून ऑटवाला जायचं तर आठशेच्या आसपास. सॅगिनॉहून रात्री परतताना ब्लू वॉटर ब्रिजवर मध्यरात्रीनंतर बस थांबते, पासपोर्ट गोळा होतात, झोपलेली पोरं उठवली जातात. मग तीन-साडेतीनला रिंकच्या पार्किंगमध्ये उतरायचं, ओलं सामान वाळत टाकायचं, बिलेटच्या घरी पोचायचं. सकाळी पहिल्या तासाला गणित. हे तुमच्या मुलाने याआधी कधी केलेलं नाही, आणि ते शिकवायला कोणाकडे वेळही नसतो.

बसबद्दल आणखी एक. हा विषय आई-बापांच्या मनात असतो पण कोणी बोलत नाही. ३० डिसेंबर १९८६ ला स्विफ्ट करंट ब्रॉन्कोजच्या बसला अपघात होऊन चार खेळाडू गेले. ६ एप्रिल २०१८ ला हम्बोल्ट ब्रॉन्कोजच्या बसच्या अपघातात १६ जण गेले. दोन्ही संघ ससकॅचवानचे, आपल्या लीगमधले नव्हेत. पण त्या एप्रिलनंतर आमच्याकडे बस निघाली की पोरं न सांगता घरी मेसेज टाकायला लागली, पोचली की पुन्हा एक. तुमचा मुलगा टाकत नसेल तर टाकायला सांगा. हट्ट धरायला हरकत नसलेली एवढीच एक गोष्ट आहे.

आता शरीराचं. गेल्या वर्षीपर्यंत तो आपल्याच वयाच्या पोरांशी खेळत होता. ओएचएलमध्ये १६ ते २० वयाचे खेळाडू असतात, आणि प्रत्येक संघाला वीस वर्षांचे तीनच ठेवता येतात. ते तीन म्हणजे दाढी आलेले पुरुष. सोळा वर्षांच्या ७३ किलोच्या पोराला रिंकच्या कोपऱ्यात ९० किलोचा माणूस बोर्डवर, म्हणजे कडेच्या कठड्यावर दाबतो. एकदा दाबलं तर काही होत नाही. प्रत्येक सामन्यात दहा-बारा वेळा, असे पंचवीस सामने झाले, की पोरगा नकळत कोपऱ्यात अर्धा सेकंद उशिरा पोचायला लागतो. भीती नसते ती. शरीर परस्पर हिशेब करत असतं. कोचला तो अर्धा सेकंद व्हिडिओत दिसतो, आणि पुढच्या सामन्याच्या यादीत त्याचं नाव नसतं. सामन्याला १८ स्केटर आणि दोन गोली (गोलरक्षक) एवढेच उतरतात, संघात मात्र तेवीस-चोवीस जण असतात. मग रोज कोणीतरी बाहेर बसणारच, आणि तो बहुधा सोळा वर्षांचा असतो. याला 'हेल्दी स्क्रॅच' म्हणतात. नाव कसलंही असो, बऱ्याचदा ती मी मागून घेतलेली विश्रांती असते. मीच कोचला सांगितलेलं असतं की या पोराला रविवार देऊ नका.

माझ्या सातव्या की आठव्या सीझनमधली गोष्ट. एक सोळा वर्षांचा डिफेन्समन म्हणजे बचावपटू, शांत, कधी तक्रार नाही. पहिल्या पिरियडनंतर ड्रेसिंग रूममध्ये सगळे बसले की पहिलं काम म्हणजे स्केटच्या नाड्या सैल करणं. रक्त पायात उतरू द्यायचं असतं. हा करत नव्हता. दोन्ही पाय बाकाखाली ओढून बसला होता, हातात पाण्याची बाटली, नजर फळ्यावर. मला वाटलं, लक्ष देऊन ऐकतोय. दुसऱ्या पिरियडनंतरही तेच. तेव्हा मी जवळ जाऊन खाली बसलो आणि म्हटलं, डावा सोड. तो म्हणाला, सोडला तर परत घालता येणार नाही. शुक्रवारच्या सामन्यात एक फटका त्याने पावलावर अडवला होता. दोन दिवस त्याने तो पाय कोणाला दाखवला नव्हता. मी नाडी कापली. स्केट उतरला आणि आमच्या डोळ्यांदेखत पाऊल वर आलं, तव्यावरच्या पोळीसारखं. हाडाला चीर होती, पाच आठवडे गेले. शुक्रवारी सांगितलं असतं तर फार तर तीन गेले असते. का सांगितलं नाहीस विचारलं तर म्हणाला, मागच्या आठवड्यात दोनदा बाहेर बसलो होतो, परत बसवतील म्हणून.

त्यातली चूक माझीही होती. पहिल्या मध्यंतरातच मला कळायला हवं होतं. पण तुम्हाला ही गोष्ट सांगायचं कारण वेगळं आहे. त्या पोराचे वडील दर सामन्यानंतर त्याला फोनवर पहिला प्रश्न विचारायचे, किती मिनिटं खेळलास? त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण पोराने त्यातून एवढंच घेतलं की मिनिटं कमी होणं हा गुन्हा आहे.

विचारायचंच असेल तर वजन विचारा. माझ्या वह्यांमध्ये पहिल्या वर्षीची पोरं ऑक्टोबर ते जानेवारीत तीन-चार किलो सहज घालवतात, आणि ते स्नायूंचं वजन असतं. कारण साधं आहे: सामन्यानंतर भूक मेलेली असते, बसमध्ये पिझ्झाचे दोन तुकडे खाऊन झोपतात, सकाळी उशीर होतो म्हणून न्याहारी राहते. बिलेटच्या बाईंना मोकळेपणाने सांगा की रात्री कितीही वाजता आला तरी फ्रीजमध्ये जेवणाचं ताट झाकून ठेवलेलं असू दे. बहुतेक बिलेट घरं हे आपणहून करतात. नवीन असतील तर त्यांना सुचत नाही, आणि आपला पोरगा भिडेपोटी मागत नाही. दुसरं, पाण्याची बाटली स्वतःची, नाव घातलेली. एकाला ताप आला की आठवड्यात अर्धी ड्रेसिंग रूम खोकते, हे मी दर डिसेंबरात पाहिलंय.

डिसेंबरवरूनच संघाच्या हरण्याकडे येतो. २६ डिसेंबर ते ५ जानेवारी ही वर्ल्ड ज्युनियर्सची तारीख ठरलेली. वीस वर्षांखालच्या राष्ट्रीय संघांची ही स्पर्धा, आणि तिची शिबिरं डिसेंबरच्या मध्यालाच लागतात. म्हणजे ज्या संघात चांगले खेळाडू जास्त, त्याच संघाचं त्या तीन आठवड्यांत कंबरडं मोडतं. कोणी कॅनडाच्या शिबिरात, कोणी चेकियाच्या, कोणी स्वीडनच्या. त्याआधी नोव्हेंबरात सतरा वर्षांखालच्यांची स्पर्धा काही सोळा वर्षांच्या पोरांना घेऊन गेलेली असते. तुमच्या संघातले कोणकोण गेलेत ते मोजा. पहिल्या लाइनचे दोघे आणि मुख्य गोली गेला असेल तर लागोपाठ सात पराभवांत नवल काहीच नाही. आणि तुमच्या मुलाला जे हवंय ते याच दिवसांत मिळतं. नाताळच्या सुट्टीनंतर, २८ तारखेच्या सुमारास सामने पुन्हा सुरू होतात तेव्हा रिकाम्या जागा भरायला कोच खालच्या फळीकडेच बघतो. सुट्टीत घरी आलेल्या पोराला आठ दिवस झोपू द्या, खाऊ द्या, पण शेवटचे दोन दिवस बर्फावर उतरू द्या. पाय जड घेऊन परतलेला पोरगा ही संधी घालवतो.

(डिसेंबरचंच आठवलं म्हणून. टेडी बेअरची रात्र तुम्ही पाहिली असेल. घरच्या संघाने पहिला गोल केला की प्रेक्षक दान करायची खेळणी बर्फावर फेकतात. सुरुवात १९९३ साली कॅमलूप्सला झाली, असं मानतात. कॅलगरीत २०१८ च्या डिसेंबरात २९,६३५ खेळणी पडली होती. गोड प्रकार आहे, मुलांच्या हॉस्पिटलात खेळणी जातात, मलाही आवडतो. पण ती गोळा होईपर्यंत घामेजलेली पोरं थंड्या हवेत उभी असतात, आणि मी बेंचमागून ओरडत असतो, बसू नका, हलत राहा. त्या रात्री घरचा संघ गोल करू नये असं वाटणारा अख्ख्या इमारतीत बहुधा मी एकटाच.)

आता जानेवारी. खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत साधारण १० जानेवारीच्या आसपास संपते, आणि माझ्या मते ओएचएलचा खरा सीझन त्यानंतर सुरू होतो. एनएचएलचा, म्हणजे वरच्या व्यावसायिक लीगचा संघ दहा वर्षं तोच गाभा ठेवू शकतो. ज्युनियर संघाला ते शक्य नाही, कारण खेळाडू विसाव्या वर्षी संपतोच. म्हणून प्रत्येक संघ तीन-चार वर्षांच्या चक्रात फिरतो: दोन वर्षं पोरं वाढवायची, एक वर्ष जिंकायला जायचं, मग मोडून पुन्हा मांडायचं. जिंकायला निघालेला संघ जानेवारीत एकोणीस-वीसचे तयार खेळाडू घेतो आणि बदल्यात पुढच्या कित्येक वर्षांचे ड्राफ्टमधले, म्हणजे नव्या पोरांच्या निवडीतले हक्क देऊन टाकतो. कधीकधी दिलेल्या हक्कातला पोरगा तेव्हा आठ-दहा वर्षांचा असतो. मोडणारा संघ याच्या उलट करतो.

एरीचं उदाहरण घ्या. कॉनर मॅकडेव्हिड पंधराव्या वर्षी खास परवानगीने २०१२-१३ मध्ये तिथे आला. ६३ सामन्यांत ६६ गुण (गोल आणि गोलला दिलेले पास मिळून) केले, तरी संघ प्ले-ऑफमध्येही, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्यांतही गेला नाही. इतका मोठा खेळाडू, पण चक्र तळाला होतं. त्याच्या तिसऱ्या वर्षी, २०१५ मध्ये, एरी अंतिम फेरीत पोचून ओशावाकडून हरला. अजिंक्यपद मिळालं ते २०१७ मध्ये, तो एनएचएलमध्ये गेल्यावर. गंमत पुढेच आहे. मेमोरियल कपला कॅनडातल्या तीन मोठ्या ज्युनियर लीगचे विजेते आणि चौथा यजमान संघ असे चार खेळतात. २०१७ चं यजमानपद विंडसरकडे होतं. विंडसर ओएचएलच्या पहिल्याच फेरीत लंडनविरुद्ध (हे ओन्टारियोतलं लंडन) ३-१ ने पुढे असून सातव्या सामन्यात बाहेर पडलं होतं. मग ४४ दिवस एकही सामना नाही. आणि त्याच विंडसरने अंतिम सामन्यात एरीला ४-३ ने हरवलं. २०२४ मध्ये सॅगिनॉने तसंच केलं: ओएचएलमध्ये लंडनकडून बाहेर, मेमोरियल कपच्या अंतिम सामन्यात त्याच लंडनवर ४-३. लोक याला नशीब म्हणतात. माझ्या धंद्यातला माणूस म्हणेल, सीझनभर मार खाल्लेल्या शरीरांना कित्येक आठवड्यांची विश्रांती मिळाली होती. खरं तर दोन्हीही असेल.

तर, १० जानेवारीला तुमचा संघ काय करतो ते बघा. मोठे खेळाडू विकले तर संघ मार्चपर्यंत हरत राहील आणि तुमच्या मुलाला रोज पंधरा मिनिटं मिळतील. खरेदी केली तर संघ जिंकेल, आणि तुमचा मुलगा आणखी बाहेर बसेल. दोन्हींचा त्याच्या लायकीशी संबंध जवळजवळ नाही. मला निवडायला सांगितलं तर पहिल्या वर्षी मी जिंकणाऱ्या संघाच्या चौथ्या लाइनवर बसेन. प्ले-ऑफच्या चारही फेऱ्या सातपैकी चारच्या असतात, म्हणजे करंडकापर्यंत १६ विजय आणि कदाचित २८ सामने. ते जवळून बघणं वेगळंच शिक्षण आहे. पण माझे जवळचे काही कोच नेमकं उलटं सांगतील.

संघ बदलायचं म्हणता, तर तो बदल कसा दिसतो तेही सांगतो. मुदतीच्या दिवशी पोराला वर्गातून बोलावतात किंवा रात्री फोन येतो. तासाभरात बॅग भरायची, बिलेटच्या कुत्र्याला मिठी मारायची, दुसऱ्या गावी जायचं. ओन्टारियोत पहिल्या सत्राच्या परीक्षा जानेवारीच्या शेवटी असतात, म्हणजे नवी शाळा, नवं घर, नवी लाइन आणि दोन आठवड्यांत परीक्षा. ज्यांच्यावर ही वेळ संघाने आणली ते निभावतात. आपण होऊन सोळाव्या वर्षी हे ओढवून घेऊ नये.

घाई झाली का, या प्रश्नाचं उत्तर दोन वर्षांपूर्वी मी वेगळं दिलं असतं. तेव्हा या लीगमध्ये पाऊल टाकलं की अमेरिकेतल्या कॉलेज हॉकीचा दरवाजा बंद व्हायचा. तिथल्या कॉलेज खेळांची संघटना एनसीएए, तिने नोव्हेंबर २०२४ मध्ये नियम बदलला आणि १ ऑगस्ट २०२५ पासून इथले खेळाडू तिथे जाऊ शकतात. शिवाय लीगच्या शिष्यवृत्तीत खेळलेल्या प्रत्येक सीझनमागे एका वर्षाच्या शिक्षणाची तरतूद असते. कराराचा तो कागद काढून अटी पुन्हा वाचा, विशेषतः मुदतीच्या. म्हणजे हा सीझन वाया गेला असं कोणत्याही हिशेबाने म्हणता येत नाही.

कोचला फोन करू नका म्हटलं, पण माझ्यासारख्याला करा. संघाच्या थेरपिस्टला पालकांचे फोन फार कमी येतात, आणि आले की उपयोगाचे असतात. झोप लागत नाही म्हणतोय, एका वाक्यात उत्तरं देतोय, उजेडाचा त्रास होतो म्हणून खोलीत अंधार करून बसतोय: यातलं शेवटचं ऐकलं तर त्याच दिवशी करा. डोक्याला मार लागलेली पोरं बरं वाटतंय म्हणून सराईतपणे खोटं बोलतात, आईशी मात्र त्यांना ते तितकंसं जमत नाही. अशा माराानंतर खेळात परतायच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत, प्रत्येक पायरीला किमान २४ तास, आणि कोच कितीही चिडला तरी मी त्या गाळत नाही.

शेवटचा सामना झाला की दोन-तीन दिवसांत प्रत्येक खेळाडूची कोच आणि जनरल मॅनेजरबरोबर दहा-पंधरा मिनिटांची बैठक होते. तुम्हाला आज जे विचारायचंय ते सगळं विचारायची जागा ती, आणि विचारणारा तो. मार्चमध्ये त्याला कागदावर तीन प्रश्न लिहायला लावा: पुढच्या वर्षी मला कुठे बघता, उन्हाळ्यात किती किलो वाढवू, कोपऱ्यातला तो अर्धा सेकंद कसा भरून काढू. तिसऱ्याचं उत्तर बहुधा दुसऱ्यात असेल. तुम्ही सामान न्यायला आलेले असालच, तेव्हा गाडीतच थांबा. बॅग मागच्या सीटवर ठेवू नका, वास महिनाभर जात नाही.